बेक्जो रेकॉर्ड्सचे शनिवार

फेब्रुवारीत माझे यजमान गेले आणि ऑक्टोबरात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मला पुन्हा रेकॉर्डच्या दुकानात नोकरी लागली.

दुकान खरं नव्हतं. देगू शहरात आमच्या वॉर्डाचं सांस्कृतिक भवन आहे, तिथल्या तळमजल्यावर जुन्या दुकानांचं प्रदर्शन भरणार होतं. एक न्हाव्याचं दुकान, एक शिंप्याचं, आणि तिसरं आमचं बेक्जो रेकॉर्ड्स. ग्योदोंग बाजाराच्या तोंडाशी होतं ते. बेक्जो म्हणजे हंस, म्हणून पाटीवर हंस काढला होता. पण रंगाऱ्याने उभ्या जन्मात हंस पाहिला नसावा. गिऱ्हाइकं आम्हां मुलींना 'बदकवाल्या' म्हणायची.

प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या मिन बाईंना माझा नंबर आमच्या मालकांच्या मुलाने दिला. मालक जाऊन वीस वर्षं झाली. मिन बाई पस्तिशीच्या, बोलायला गोड. फोनवर म्हणाल्या, "आजी, तुम्ही नुसतं येऊन सांगा, काय कुठं होतं. आम्ही फोटोवरून सगळं उभं केलंय, पण फोटोत सगळं येत नाही ना."

"बरं," मी म्हटलं.

त्या काळात कुणी काही विचारलं की मी 'बरं' म्हणत असे. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दुःख वाटत होतं म्हणावं तर तेही नाही. यजमान रुग्णालयात गेले, मग घरी आले, मग परत गेले आणि संपले. अंत्यविधीचे तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी रस्सा-भात वाढला. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. जूनमध्ये माझी एक दाढ काढली. डॉक्टर म्हणाला, "भूल उतरली की ठणकेल, तेव्हा ही गोळी घ्या." भूल कधी उतरली ते मला कळलंच नाही. गोळ्या तशाच पडून राहिल्या.

माझी मुलगी उन-जू सोलला असते. दर रविवारी सकाळी व्हिडिओ फोन करून माझं तोंड बघायची.

"आई, रडलीस का गं एकदा तरी?"

"नाही."

"अगं, आठ महिने झाले."

"मग काय करू? येत नाही रडू."

"त्या प्रदर्शनाला जा तू. बाबांची आठवण तरी निघेल. तुम्ही तिथंच भेटलात ना!"

उन-जूला ही गोष्ट फार प्रिय होती. लहानपणी ती मैत्रिणींना सांगत सुटायची, माझे आई-बाबा रेकॉर्डच्या दुकानात भेटले. बाबांनी गाणं मागितलं, आईने लावलं, आणि झालं. मी कधी खोडून काढलं नाही. यजमानांनीही नाही. ते नुसते हसायचे आणि पेपर वाचायला लागायचे.

मी गेले. हॉलमध्ये शिरले तर बेक्जो उभं. रेकॉर्डचे रॅक, छतापासून लोंबणारे गायकांचे फोटो, मागच्या बाजूला काचेची छोटी खोली. शेगडीत लाल बल्ब लावला होता, निखाऱ्यासारखा. मिन बाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आता आजी हुंदका देणार, असं त्यांना वाटत असावं.

"शेगडी इथं नव्हती," मी म्हटलं. "दाराशी होती. इथं ठेवली असती तर उष्णतेने रेकॉर्ड वाकल्या असत्या."

"अय्या, खरंच!" त्यांनी लिहून घेतलं. "आणि तुम्ही कुठं बसायचात?"

"बसायला कोण देत होतं? सकाळी दहा ते रात्री नऊ उभं. गल्ला इथं, मी इथं."

"आणि काचेच्या खोलीत?"

"तिथं यांग-जाताई. ती टेप भरायची."

आता हे सांगायला लागतं. तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अख्खी रेकॉर्ड विकत घेणं ज्याला परवडत नसे, तो पंधरा-वीस गाण्यांची यादी आणून द्यायचा. यांग-जाताई ती गाणी वेगवेगळ्या रेकॉर्डवरून एका कॅसेटवर उतरवायची. दोन दिवसांनी या आणि घेऊन जा. तिचं अक्षर सुंदर होतं. कॅसेटच्या पाठीवर ती गाण्यांची नावं मुंग्यांच्या ओळीसारखी लिहायची. ती स्वतःही सुंदर होती. नुसतं तिच्याकडे बघता यावं म्हणून लोक याद्या आणायचे. काचेतून दिसायची, कानांवर हेडफोन, गुडघ्यांवर घोंगडी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. म्योंग-रान या माझ्या नावाचा दुसरा अर्थ खारवलेली माशाची अंडी, तर ती मला त्याच नावाने हाक मारायची. "ए माशाची अंडी, किटलीत पाणी घाल."

मिन बाईंनी मला हिरवा एप्रन दिला आणि विचारलं, आठवड्यातून तीन दिवस दुपारी येऊन गल्ल्यापाशी उभ्या राहाल का? लोकांना आवडेल. मी म्हटलं, बरं.

लोकांना आवडलंच. साठी-सत्तरीचे पुरुष यायचे, टोप्या काढून आत शिरायचे. एकाने रेकॉर्डचं पाकीट नाकाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. एक बाई म्हणाली, परीक्षेत नापास झाले तेव्हा मी घरी न जाता बेक्जोमध्ये संध्याकाळपर्यंत उभी होते, तुम्ही मला सातूचा चहा दिला होतात. मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "हो, दिला असेन." ती रडली. मी रुमालांचा डबा पुढे केला. दुसऱ्या आठवड्यापासून तो डबा मी हाताशीच ठेवायला लागले.

मला काय आठवत होतं? टाचा दुखायच्या ते. हिवाळ्यात दाराशी वारा आणि उन्हाळ्यात पंखा बंद, कारण पंख्याने धूळ उडून रेकॉर्डवर बसते. महिन्यातून एकदा सरकारची दोन माणसं यायची, वाजवायची बंदी असलेल्या गाण्यांची यादी मालकांच्या हातात द्यायची, आणि आम्ही दोघी बसून त्या रेकॉर्ड वेगळ्या काढायचो. लोक जे आठवून रडत होते, ते मी रोज झाडत-पुसत होते.

तिसऱ्या आठवड्यात मिन बाईंनी एक फलक लावला. उन-जूने त्यांना फोनवर आमची गोष्ट सांगितली होती, वर लग्नाचा फोटोही पाठवला होता. फोटोखाली लिहिलं होतं: 'रंगाच्या कारखान्यातले कू बोंग-सिक आणि बेक्जोच्या म्योंग-रान यांची पहिली भेट याच दुकानात झाली. चाळीस वर्षांचा संसार एका गाण्यापासून सुरू झाला.'

"आजी, चालेल ना?"

मी वाचलं. फोटोतले यजमान मान ताठ करून बसले होते. नवा कोट, कान बाहेर आलेले. "चालेल," मी म्हटलं.

खरं असं होतं, की ते यांग-जाताईसाठी यायचे.

दर शनिवारी कारखाना सुटला की यायचे. दोन वर्षं. अंगाला रंगाचा आणि वाफेचा वास. नखं रंगलेली असायची, त्या आठवड्यात कापडाचा जो रंग चालू असेल तो. गाण्यांची यादी कारखान्यातल्या रंगाच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर मागच्या बाजूला लिहून आणायचे. रेकॉर्डला हात लावण्याआधी तळवे विजारीला पुसायचे. यादी माझ्या हातात द्यायचे आणि काचेकडे बघायचे. टेप मिळाली की काचेच्या दिशेने वाकून म्हणायचे, "आभारी आहे." ताईच्या कानांवर हेडफोन. तिला काय ऐकू जाणार? पण दर वेळी म्हणायचे.

एका डिसेंबरात त्यांनी माझ्याजवळ एक पुडकं दिलं. "त्या आत बसतात ना, त्यांचे पाय गारठत असतील. द्याल का?" लोकरीचे मोजे होते, जांभळे. त्यांनी स्वतः रंगवलेले. मी नेऊन दिले. पुढच्या वसंतात ताई एका जहाजावरच्या वायरलेसवाल्याशी लग्न करून पोहांगला गेली. त्यानंतर टेप मी भरायला लागले. ते येतच राहिले. वर्ष-दीड वर्ष गेलं आणि एके दिवशी मला म्हणाले, "रविवारी मोकळ्या असाल तर जरा फिरायला जाऊ या का?" मी मोकळी होते.

चाळीस वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नाही. ते कधी बोलले नाहीत. वाईट संसार नव्हता. माणूस मऊ होता, कधी आवाज चढवला नाही. पण टीव्हीवर जुनं गाणं लागलं आणि ते ऐकत बसले की मी स्वयंपाकघरात जायची. का ते मला ठाऊक होतं. पुढं पुढं तेही दुखेनासं झालं.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मी एका म्हाताऱ्याला रेकॉर्ड परत रॅकमध्ये ठेवायला सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गं माशाची अंडी, अजून इथंच उभी?"

मी वळले. काठी टेकत एक ठेंगणी, जाडशी बाई उभी होती. केस पांढरे, कुरळे केलेले. पाठीवर पिशवी. हसली तेव्हा ओळखलं.

"यांग-जाताई!"

"टीव्हीवर दाखवलं ना तुला! मी नवऱ्याला म्हटलं, हा एप्रन हिच्यावर तेव्हाही लोंबत होता, आताही लोंबतोय. बसने आले. गुडघ्यांनी जीव घेतलाय बघ."

तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. दुकानभर फिरली. हे बघ, ते बघ. लाल बल्बाची शेगडी बघून एवढ्या मोठ्याने हसली की न्हाव्याच्या दुकानातली माणसं डोकावली. मग फलकासमोर थांबली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'...यांची पहिली भेट याच दुकानात...' अगं बया! तू गिऱ्हाइकाशी लग्न केलंस? आणि मला एक पत्र नाही?"

ती फोटो बघत होती. मी तिचं तोंड बघत होते. चाळीस वर्षं मी मनात हा क्षण कितीदा आणला होता, दर वेळी वेगळा. कधी ती लाजायची, कधी माझी कीव करायची.

"ओळखलंस?" मी विचारलं.

ती पुढे झुकली. "नाही बाई. कोण हा?"

"शनिवारी यायचे."

"शनिवारी अर्धं देगू यायचं."

"रंगाच्या कारखान्यातले. नखं रंगलेली असायची."

"असं?"

"तुझ्यासाठी मोजे आणले होते. जांभळे. मी तुला आणून दिले होते, ताई."

"मोजे..." ती आठवायला लागली. खरंच आठवत होती, नाटक नव्हतं. "कोण कोण काय काय द्यायचं गं तेव्हा. एकाने तर जिवंत कोंबडी दिली होती, ती आठवते. जांभळे मोजे मी बहुतेक आईला पाठवले."

तेव्हा मला राग आला.

कुठून आला ठाऊक नाही. कान तापले. चाळीस वर्षं ज्या बाईला मी घाबरत आले, तिला माझा नवरा आठवतसुद्धा नव्हता. दोन वर्षं तो माणूस वाफेतून निघून, न जेवता, दोन बस बदलून यायचा.

"आठवत नाहीत कसे?" माझा आवाज चढला. "मान अशी तिरकी करून रेकॉर्डची नावं वाचायचे! डावा खांदा जरा खाली होता. रंगाची पिंपं उचलून उचलून. शेगडीचं झाकण पडलं होतं तेव्हा हाताने उचलून ठेवलं, भाजलं तरी ओरडले नाहीत. पावसात आले की आधी बाहेर उभं राहून छत्री झटकायचे, तीनदा, मग आत. तीनदाच! पैसे दोन्ही हातांनी द्यायचे. शिंक आली तर रॅककडे पाठ करायचे, रेकॉर्डवर उडू नये म्हणून. आणि तुला 'आभारी आहे' म्हणायचे, दर शनिवारी, वाकून! तुझं लक्ष कुठं होतं?"

लोक बघायला लागले. मिन बाई लगबगीने आल्या आणि दोन पावलांवर थांबल्या.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग काठी टेकत काचेच्या खोलीपाशी गेली, आत वाकली आणि म्हणाली, "ही खुर्ची उलटी ठेवलीय."

"काय?"

"खुर्ची, खुर्ची. अशी दुकानाकडे तोंड करून कोण बसेल? रेकॉर्ड वाजवायची यंत्रं भिंतीला होती. मी भिंतीकडे तोंड करून बसायची, पाठ तुमच्याकडे. दिवसभर भिंत बघितली मी, म्योंग-रान. भिंतीवर ओल होती, तिचा आकार अजून सांगते तुला."

खुर्ची कुठं ठेवायची ते मीच मिन बाईंना सांगितलं होतं. मला ताई नेहमी समोरूनच आठवायची.

"म्हणजे त्यांना तुझी पाठ दिसायची," मी म्हटलं.

"पाठ आणि अंबाडा. आणि गल्ल्यापाशी तू. समोर."

"ते माझ्याकडे बघत नव्हते."

"नसेल बघत. मला काय ठाऊक?" ती खुर्चीवर बसली, हाशहुश करत. "पण तू कसं सांगतेस एवढं छातीठोक? खांदा काय, छत्री काय, शिंक काय. मला माझ्या नवऱ्याचा डावा खांदा सांगता यायचा नाही, आणि तो अजून जिवंत आहे."

राग होता तो हळूहळू खाली बसला. मी हात एप्रनच्या खिशात घातले. मिन बाईंनी हळूच विचारलं, "आजी, फलक काढू का?"

"नको," मी म्हटलं. "भेट इथंच झाली, ते खरं आहे. ते एका गाण्याचं वाक्य तेवढं काढा. आणि ही खुर्ची फिरवा."

पाच वाजता आम्ही दोघी ग्योदोंग बाजारात गेलो आणि तव्यावर भाजलेल्या चपट्या करंज्यांसारखे मांडू खाल्ले. ताईने तिखटाची पूड एवढी घातली की मालकीण म्हणाली, "आजी, पोटाचं बघा." ताई म्हणाली, "पोटाचं बघून बघून अडुसष्ट झाले." मग तिने तिच्या नवऱ्याचं सांगितलं. ऐकू येत नाही, टीव्हीसमोर बसतो, रात्री जहाजावर असल्यासारखा बोटांनी गादीवर टकटक करतो. माझं विचारलं. मी म्हटलं, काही वाटत नाही गं. आज राग आला तेवढाच.

"आला ना? मग झालं," ती म्हणाली आणि माझ्या ताटलीतला उरलेला मांडू उचलून खाल्ला.

बसस्थानकावर तिने मला मिठी मारली. अंगाला औषधी मलमाचा वास येत होता. बस सुटल्यावर मी उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले आणि दोन थांबे गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उन-जूचा फोन आला. मी तिला ताई आल्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता सगळंच सांगितलं. मोजे, काच, शनिवार.

तिने फोन तोंडाजवळ आणला. "म्हणजे बाबा दुसऱ्या मुलीसाठी यायचे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तू कशाला केलंस गं त्यांच्याशी लग्न?"

"मला ते आवडायचे," मी म्हटलं.

हे मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. त्यांनाही नाही. तोंडातून निघाल्यावर वाक्य साधंच होतं. उन-जू रडायला लागली. आधी हळू, मग लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मला रडू आलं नाही. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि तिच्याकडे बघत बसले. तिचे कान बाहेर आलेले आहेत, अगदी बापासारखे.

"कधीपासून आवडायचे?" तिने विचारलं.

"आधीपासून."

"त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही गं. कोण सांगतं?"

तिने नाक पुसलं. मी विचारलं, "जेवलीस का?" नाही म्हणाली. मी म्हटलं, "जेवून घे, मग बोलू." ती जेवून आली आणि आम्ही पुन्हा बोललो. या वेळी मी तिला तिच्या बाबांच्या शिंकेचं सांगितलं.

नोव्हेंबर संपला तसं प्रदर्शनही संपलं. रॅकच्या फळ्या उपसून ट्रकमध्ये भरल्या. मिन बाईंनी विचारलं, आठवण म्हणून काही हवंय का. मी म्हटलं, नको, घर लहान आहे. लग्नाचा फोटो तेवढा परत आणला आणि उन-जूला पाठवला, तिने मागितला होता. माझे शनिवार परत रिकामे झाले. दुपारी मी टीव्ही लावते. अजून बऱ्याच दिवशी काहीच वाटत नाही. मधूनच कधीतरी काहीतरी वाटतं, पण काय ते कळायच्या आत जातं. यांग-जाताईचा फोन येतो. म्हणते, पोहांगला ये, ताजी मासळी खाऊ घालते, आणि माझ्या नवऱ्याचा डावा खांदा बघून सांग मला. थंडी कमी झाली की येते, असं मी तिला म्हटलंय.